रिकाम्या खुर्चीतले सासरे

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रॉक संगीतावरचा कंटेम्पररी डान्स हा विषय आमच्या अख्ख्या रस्त्यात फक्त मला कळतो! समोरच्या औषधवाल्याला कळत नाही, वरच्या मजल्यावरच्या वकिलाला कळत नाही, आणि आमच्या घरात तर आनंदच आहे. बायको या कलेला सरळ 'लोळण' म्हणते. मी प्रयोग बघून घरी आलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आज कोण लोळलं?"

आता तुम्ही विचाराल, याचा आणि नृत्याचा संबंध काय? तर माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि शहरातल्या एका नृत्यमंडळाचे कपडे माझ्याकडे येतात. पहिल्यांदा त्यांचं गाठोडं उघडलं तेव्हा माझा जीव तुटला. एक कपडा धड असेल तर शपथ! गुडघे फाटलेले, बाह्या लोंबकळतायत, पाठीला भगदाडं. म्हटलं, काय हे कलाकारांचे हाल! मी दुकानाचं बाकी काम बाजूला सारलं, एकूण एक भोक रफू केलं, पँटींना सुरीसारखी इस्त्री मारली आणि गाठोडं घेऊन ऐटीत स्वतः थिएटरवर गेलो.

मंडळ चालवणाऱ्या बाईंनी एक पँट उलगडली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"हे काय केलंत?"

"रफू! आपल्याकडून भेट समजा!"

"अहो लाँड्रीवाले, ती भोकं डिझाइनची होती!"

मग सगळं मंडळ कात्र्या घेऊन बसलं. मीही बसलो. स्वतःच्या हातानं शिवलेलं स्वतःच्याच हातानं फाडताना काय वाटतं ते विचारू नका! तेवढ्यात पलीकडे मंचावर तालीम सुरू झाली. ड्रम वाजले आणि जुन्या वॉशिंग मशीननं गचका खावा तसा मंच हादरला. गिटार कडाडली. एक मुलगी धावत आली, हवेत गेली आणि दाणकन पडली. उठेचना! गिटारवाला एकच सूर ताणत राहिला, आणि तो सूर कुणी तिच्या पाठीत ओवलाय अशी ती एकेका मणक्यानं उलगडत उभी राहिली. पिळून कोपऱ्यात फेकलेला टॉवेल आपला आपण उलगडत दोरीवर जाऊन बसावा, तसं! माझ्या हातातली कात्री गळून पडली. जन्मभर मी लोकांच्या सुरकुत्या काढत आलो. सुरकुतीत एवढं काही असतं हे मला त्या दिवशी कळलं!

झालं. त्यानंतर मी एकही प्रयोग सोडला नाही. दुकानात दिवसभर रॉक. इस्त्री तालावर चालायला लागली. गिटारचा सोलो जरा लांबला की कुणाच्या तरी कोटाला भोक पडायचं. गिऱ्हाईक ओरडलं की मी म्हणायचो, "डिझाइनचं आहे!"

तर मंडळानं नवा प्रयोग बसवला. 'रिकामी खुर्ची'. मंचाच्या मधोमध एक जुनी मोठी आरामखुर्ची, पांढऱ्या चादरीनं पूर्ण झाकलेली. तिच्याभोवती सगळे नाचतायत, आपटतायत, संगीत इतकं चढलंय की छताचे पापुद्रे पडावेत. आणि मध्येच सगळं एकदम बंद! टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मुख्य नर्तकी पुढे येते, सावकाश चादर ओढते. खुर्चीत कुणी नाही!

"म्हणजे ज्याच्यासाठी एवढी धडपड, तो नाहीच," बाईंनी मला समजावलं. "कळतंय?"

मी जोरजोरात मान हलवली. डोळेच भरून आले होते.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी कपडे पोचवायला गेलो तर तिथे सुतक पडल्यासारखी शांतता. मंडळातल्या एका धिप्पाड नर्तकानं तालमीत खुर्चीवर उडी मारली होती आणि खुर्चीचं बूड फुटून तो कमरेपर्यंत आत गेला होता. खुर्ची फ्रॉकसारखी घालून बिचारा मंचाच्या मधोमध उभा होता. दोघं जण त्याला वरून ओढत होते, दोघं खुर्ची खालून.

बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"आज परदेशातली माणसं बघायला येणार आहेत हो. त्यांना आवडलं तर मोठा दौरा. नाही आवडलं तर मंडळ बंद करायचं ठरलंय आमचं. आता संध्याकाळपर्यंत खुर्ची कुठून आणू? तीसुद्धा कसलीही नको. उंच पाठीची हवी. कुणीतरी तिच्यात आयुष्य काढलंय असं वाटायला हवं!"

"माझ्याकडे आहे!" मी म्हणालो.

म्हणजे, माझं तोंड म्हणालं. मला जरा वेळानं कळलं. कारण ती खुर्ची माझी नव्हती. ती माझ्या सासऱ्यांची होती!

आता सासऱ्यांची ओळख करून देतो. बाबा म्हणजे निवृत्त ट्रॅफिक पोलीस. उभं आयुष्य चौकात गेलेलं. खांदे अजून आडव्या खांबासारखे सरळ आणि शिट्टी अजून खिशात. ते आमच्याकडे राहायला आले ते ही खुर्ची घेऊनच. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. मी एकदा नुसता टेकलो होतो, तर मागून आवाज आला, "जावईबापू, नो पार्किंग!"

आणि त्यांच्या झोपेची तर तऱ्हाच निराळी. गोंगाटात आयुष्य काढल्यामुळे त्यांना आवाजात गाढ झोप लागते. घरात मिक्सर लावला, ड्रिल लावलं, वर वकिलाकडे भांडण लागलं, की बाबा लगेच घोरायला लागतात. मिक्सर बंद झाला रे झाला, की दचकून उठतात आणि ओरडतात, "काय झालं? कुठे तुंबलं?" शांतता झाली म्हणजे चौकात काहीतरी भयंकर झालं, असा त्यांचा अनुभव!

पण त्या दिवशी माझं नशीब जोरावर होतं. बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांचा मेळावा होता. दुपारी जाणार, जेवूनच परतणार. म्हटलं, खुर्ची दुपारी न्यायची, प्रयोग झाला की जागेवर आणून ठेवायची. कानोकान खबर नाही! मी धावत घरी आलो. बाबा न्हाणीघरात होते. मी खुर्चीवर पांढरीशुभ्र चादर अंथरून ठेवली, कारण बाईंनी बजावलं होतं, खुर्ची झाकूनच आणा, चादरीला कुणी हात लावायचा नाही. मग आमच्या दुकानाच्या टेम्पोवाल्याला घराची किल्ली दिली.

"दुपारी घरी कुणी नसेल. हॉलमध्ये खुर्ची आहे, चादर घातलेली. आहे तशी उचलायची. चादर काढायची नाही, ठोकायची नाही, आदळायची नाही. थिएटरवर नेऊन मंचाच्या मधोमध ठेवायची."

"मालक, काळजीच करू नका!" तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की खरं म्हणजे माणसानं काळजीला लागावं.

दुपारी मी दुकानात पडदे प्रेस करत होतो, तर त्याचा फोन.

"मालक, खुर्ची लई जड आहे हो!"

"सागवान आहे!"

"मेहुण्याला बोलावलं मदतीला. दोघांच्यानंही हलेना."

"जुन्या वस्तू जडच असतात. चादर काढली नाहीस ना?"

"नाही हो. पण मालक, खुर्ची गरम लागतेय."

"खिडकीतून ऊन येतं तिच्यावर!"

"आणि आतनं घरघर येतेय."

"जुन्या स्प्रिंगा आहेत. हलवलं की आवाज येणारच!"

"हलवायच्या आधीपास्नं येतोय, मालक."

"हे बघ, तू टेम्पो चालवतोस का खुर्च्यांचा डॉक्टर आहेस?"

"बरं, बरं. उचलतो. एकच विचारायचं होतं. खुर्चीला मोजे आहेत, ते काढू का राहू देऊ?"

"फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून बायकोनं घातले असतील. राहू दे!"

बायको किती टापटिपीची आहे या विचारानं मला जरा भरूनही आलं.

संध्याकाळी थिएटरवर पोचलो तर खुर्ची मंचाच्या मधोमध विराजमान झालेली. चादर पार वरपासून खालपर्यंत नीट खोचलेली, आणि आत चांगला फुगवटा. म्हटलं, टेम्पोवाल्यानं धक्का लागू नये म्हणून उशा भरलेल्या दिसतायत. शहाणा आहे! बाजूला ड्रमवाला आणि गिटारवाले वाद्यं लावून बघत होते, त्यामुळे खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बाई खुर्चीभोवती प्रदक्षिणा घालत होत्या.

दिवेवाला शिडीवरून ओरडला, "बाई, कापड वर-खाली होतंय!"

"पंखा बंद करा."

"पंखा बंदच आहे!"

बाई थबकल्या. त्यांनी मान तिरकी करून खुर्चीकडे बघितलं. कापड वर गेलं. कापड खाली आलं.

"श्वास घेतेय..." बाई पुटपुटल्या. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "लाँड्रीवाले, कुठून आणलीत हो ही? यात खरंच कुणीतरी आयुष्य काढलंय!"

"घरचीच आहे," मी लाजत म्हणालो.

बाईंनी मला बक्षीस म्हणून विंगेत उभं राहायची परवानगी दिली. विंगेत! नर्तकांचा घाम अंगावर उडेल एवढ्या जवळ! मी हातात कपड्यांचा ब्रश घेऊन उभा राहिलो. पडदा वर गेला. पुढच्या रांगेत ती परदेशी मंडळी मांडीवर मांडी टाकून बसली होती. गिटारची पहिली ठिणगी पडली आणि नर्तक चहूकडून धावत सुटले. मी स्वर्गात!

आणि खिशात फोन थरथरला. बायको.

"अहो, बाबा कुठेत?"

"मेळाव्याला!" मी तोंडावर हात धरून म्हणालो.

"गेलेच नाहीत! सर्दी झाली म्हणून औषध घेऊन घरीच झोपले होते. मी शाळेत शिकवायला गेले तेव्हा खुर्चीत मस्त चादर गुंडाळून घोरत होते!"

"कसली चादर?"

"पांढरी! आणि आत्ता येऊन बघते तर बाबा नाहीत, खुर्ची नाही, चादर नाही! अहो, चोरांनी बाबांसकट खुर्ची नेली!"

माझ्या डोक्यात इस्त्री गरम झाल्यासारखा लाल दिवा लागला. जड. गरम. घरघर. मोजे!

"अगं, घाबरू नकोस, बाबा इथे थिएटरमध्ये—"

त्याच क्षणी गायकानं ठेवणीतली किंकाळी फोडली. रॉकमधली किंकाळी म्हणजे साधीसुधी नसते. दाढ उपटल्यासारखी असते.

"कोण ओरडतंय? बाबा? काय करताय त्यांना?"

"बाबा नाही, गायक आहे तो! तो गातोय!"

"मी पोलिसांना घेऊन येते!" फोन बंद.

मी मंचाकडे बघितलं. ड्रम फुटेस्तोवर बडवले जात होते, तीन गिटारी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चादर कशी संथपणे वर-खाली होत होती. एवढी छान झोप बाबांना निवृत्तीनंतर लागली नसेल! हा गोंगाट चालू आहे तोवर काळजी नव्हती. पण तो चालू राहणार नव्हता. ती शांतता येणार होती! ज्या शांततेसाठी मी जीव टाकायचो, तीच आता बाँबसारखी जवळ येत होती.

मी बाईंचा हात धरला.

"बाई, आज ती शांतता नको!"

"काय? अहो, सगळा प्रयोग त्या शांततेवर उभा आहे!"

"शांतता झाली तर खुर्ची उठेल, बाई!"

बाईंनी माझ्याकडे टक लावून बघितलं. त्यांचे डोळे चमकले.

"शांतता झाली की खुर्ची उठते! अहो, हेच मी मुलांना इतके महिने समजावतेय आणि मला शब्द सापडत नव्हते! तुम्ही रसिक आहात, लाँड्रीवाले!"

"रसिक नाही हो, जावई आहे!"

पण ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी आवाजाच्या यंत्रावर बसलेल्या माणसाकडे पळालो. त्याच्या कानांवर नारळाएवढे हेडफोन. मी हात जोडले, पाया पडायच्या खुणा केल्या, 'बंद करू नकोस' म्हणून पंजे हलवले. त्यानं हसून अंगठा दाखवला आणि बटण दाबलं.

शांतता.

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मुख्य नर्तकी सावकाश पुढे आली. चादरीचं टोक धरलं. ओढलं. आणि रिकाम्या खुर्चीत मफलर गुंडाळलेले, मोजे घातलेले, पाय पोटाशी घेतलेले माझे सासरे!

नर्तकीच्या तोंडाचा आ झाला. प्रेक्षागृहात कुणीतरी श्वास रोखला. बाबांनी खाडकन डोळे उघडले.

"काय झालं? कुठे तुंबलं?"

समोरचा प्रकाशझोत थेट त्यांच्या डोळ्यांत होता.

"डिपर दे! ए ट्रकवाला! डिपर दे!"

दिवेवाल्यानं घाबरून दिवा मंद केला. बाबांना मंच दिसला. चारी बाजूंना फाटक्या कपड्यांतली माणसं, एका पायावर ताटकळलेली. आणि ठरल्याप्रमाणे ड्रम पुन्हा धडाडले, आणि ठरल्याप्रमाणे ती सगळी माणसं चारी बाजूंनी एकदम खुर्चीवर चाल करून आली!

दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण बाबांचा जन्म चौकात गेलेला! ते उठले, ताठ झाले, छाती काढली, उजवा हात उगारला आणि डावीकडून येणाऱ्या नर्तकांना तळहात दाखवला.

थांबले! शपथेवर सांगतो, जागच्या जागी थांबले! समोरच्याच्या हालचालीला शरीरानं उत्तर द्यायचं असं बाईंनी त्यांना शिकवलेलं होतं, आणि ट्रॅफिक पोलिसाच्या तळहाताइतकी स्पष्ट हालचाल त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. बाबांनी डावा हात फिरवला. उजवीकडची रांग सळसळत त्यांच्यासमोरून निघून गेली.

"हां, चला, चला! रेंगाळू नका! ए, लाल बनियन! मध्येच गिरकी कुठे घेतोस? सिग्नल दिलास का?"

लाल बनियनवाल्यानं हात दाखवून गिरकी घेतली.

गिटारवाल्याचा सोलो सुरू झाला. बाबा गर्रकन वळले.

"हॉर्न! हॉर्न कशाला वाजवतोस रे? तुझ्या हॉर्ननं रस्ता मोकळा होणार आहे का?"

गिटार चिडीचूप. बाबांनी खिशातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली की माझ्या ब्रशचे केस उभे राहिले. ड्रमवाल्यानं ती पकडली! शिट्टी, ड्रम, शिट्टी, ड्रम! बाबांचे हात त्यावर चाललेले. थांबा, या, थांबा, जा. बारा वाटांची माणसं त्यांच्या दोन हातांवर धावत होती, आदळता आदळता वाचत होती. मध्येच बाबांना सर्दीची शिंक आली. अशी की सगळा मंच आडवा झाला! एकूण एक नर्तक जमिनीवर! बाबांनी नाक पुसलं, एकेकाला बोटानं उठवलं, आणि एकेक जण मणक्यामणक्यानं उठला.

बाईंनी सुरुवातीला माझी कॉलर धरली होती. आता त्या तीच कॉलर डोळ्यांना लावून रडत होत्या.

"ही वेदना..." त्या हुंदके देत म्हणाल्या. "हा हताश माणूस... जगाला वळण लावू पाहणारा..."

"त्यांना हताश म्हणू नका, बाई. चिडतील."

आणि तेवढ्यात प्रेक्षागृहाचं दार धाडकन उघडलं. पुढे बायको, मागे दोन पोलीस. "बाबा!" ती मधल्या वाटेवरून धावत ओरडली, आणि तो हंबरडा एवढा खरा होता की प्रेक्षकांतल्या दोघी जणी रडायला लागल्या. पोलीस मंचावर चढले. बाबांनी त्यांना बघितलं. दोघंही एके काळी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले!

"आता येताय? चौक पेटलाय आणि तुम्ही आता येताय? तू त्या कोपऱ्यावर! तू इथे! पट्टा सरळ कर!"

"येस सर!" दोघांनी कडक सलाम ठोकला आणि जाऊन आपापल्या कोपऱ्यावर उभे राहिले. एवढंच नाही, हातही दाखवायला लागले!

शेवटी संगीत संपलं तेव्हा बाबांनी चारी दिशांना नजर टाकली. एकही माणूस कुणावर आदळत नव्हता. त्यांनी समाधानानं शिट्टी खिशात टाकली, खुर्चीत बसले आणि पायावर चादर घेतली. पडदा पडला. टाळ्यांचा असा पाऊस कोसळला की त्या आवाजात बाबांना परत झोप लागली.

त्यांना उठवावं लागलं, कारण परदेशी मंडळी भेटायला आली. त्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी दुभाष्याकरवी विचारलं, "ही खुर्ची नक्की कुणाची आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"माझी," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी "वा!" म्हणालं.

"आणि आजच्या माणसाला तुमचा संदेश काय?"

"डाव्या बाजूनं चाला."

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. 

घरी जाताना टेम्पोत मागे बाबा खुर्चीत बसले होते आणि पुढे मी टेम्पोवाला आणि बायको यांच्या मध्ये चेपलो होतो. टेम्पोवाला हळूच म्हणाला, "मालक, मी बोललो होतो, मोजे आहेत म्हणून." मी त्याला कोपर मारलं.

"तुम्ही," बायको एकेक शब्द चावत म्हणाली, "माझ्या बाबांना चादरीत बांधून भाड्यानं दिलंत?"

"भाड्यानं नाही गं! फुकट!"

हे उत्तर चुकलं हे मला तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं. पुढचे काही दिवस मी दुकानातच, पडद्यांच्या ढिगावर झोपलो.

बाबा माझ्यावर चिडले असतील असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांची अशी पक्की समजूत झाली आहे की त्यांना खात्यानं परत कामावर बोलावलं. "असा बेशिस्त चौक मी नोकरीत पाहिला नाही," ते ज्याला त्याला सांगतात. "माणसं एकमेकांच्या अंगावरनं उड्या मारतात! पण पोरं ऐकणारी आहेत." दौरा मिळाला. मंडळ वाचलं. बाबा रोज संध्याकाळी कपडे घालून तयार, आणि म्हणतात, "चला, ड्यूटी!" तालमीला कुणी उशिरा आलं तर बाई काही बोलत नाहीत. बाबा नुसते बघतात, तेवढं पुरतं. प्रयोगाची जाहिरात लागली, तीवर बाबांचा हात उगारलेला फोटो. कोपऱ्यात माझ्या ब्रशचं टोक आलंय. नीट बघितलं तर दिसतं.

मग एके दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या.

"लाँड्रीवाले, हे सगळं तुमच्यामुळे घडलं. मंडळाची इच्छा आहे, तुम्हीही मंचावर यावं."

माझ्या हातातली इस्त्री कुणाच्या शर्टावर राहिली ते मला आठवत नाही. धूर निघाला तेव्हा कळलं. मंचावर! मी! गिटारच्या सुरावर! मी त्याच दिवसापासून दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांच्या दोऱ्यांखाली सराव सुरू केला. हवेत उडी, गिरकी, पडणं. पडणं चांगलं जमायचं. उठताना औषधवाल्याला हाक मारावी लागायची.

तालमीला गेलो. बाई म्हणाल्या, तुमचं काम बाबांनी सुचवलंय. बाबांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं.

"जावईबापूंना इथे उभं करा. या पट्ट्यावर."

"आणि मी काय करू, बाबा?"

"काही करायचं नाही. चुकीच्या जागी लावलेली गाडी आहात तुम्ही."

तर आता प्रत्येक प्रयोगात मी मंचावर असतो. पडदा वर जातो, मी पट्ट्यावर उभा. गिटारचा पहिला सूर लागतो, माझ्या अंगावर काटा येतो, मी हळूच एक खांदा हलवतो न हलवतो तोच बाबांची शिट्टी वाजते. दोन धडधाकट मुली येतात, एक माझी काखोटी धरते, दुसरी पाय, आणि मला उचलून विंगेत टाकतात. संपलं. मी विंगेत अंग चोळत बसतो.

बायकोनं मात्र तेव्हापासून एकही प्रयोग चुकवलेला नाही! रोज येते, पुढच्या रांगेत बसते. मला उचलून नेलं की उभी राहून टाळ्या वाजवते आणि लगेच पर्स उचलून घरी जाते.

मी न राहवून विचारलं, "अगं, पुढचं का नाही बघत?"

"पुढे तुम्ही परत येता का?"

"नाही."

"मग? तेवढ्यातच शेवट किती गोड होतो!"